मातीच्या वासामागची माणसं

पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो, तो मुळी मातीचा नसतोच, असं कुणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल का? तो वास असतो जंतूंचा! मातीत राहणाऱ्या एका जातीच्या जंतूंनी तयार केलेल्या द्रव्याचा. त्या द्रव्याचं नाव जिओस्मिन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थही 'मातीचा वास' असाच होतो. 1965 साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या नॅन्सी गर्बर या संशोधिकेने आपले सहकारी लेशव्हॅलिए यांच्याबरोबर ते वेगळं काढलं आणि त्याचं बारसं केलं. बीट शिजवताना जो मातकट वास सुटतो आणि ज्यामुळे मुलं कोशिंबिरीची वाटी हळूच बाजूला सारतात, तोही हाच बरं का! आपलं नाक या एका वासाच्या बाबतीत फार तीक्ष्ण आहे. एक लाख कोटी थेंब पाण्यात याचे पाच-दहा थेंब असले तरी ते आपल्याला कळतात.

या जंतूंचं नाव स्ट्रेप्टोमायसीस. नाव जिभेला जड आहे खरं. पण स्ट्रेप्टोमायसिन हे औषध दोन पिढ्यांपूर्वी आपल्या घराघरांतून चांगलं परिचयाचं होतं. त्या औषधाचं हे माहेर.

बहुतेक जंतूंचं आयुष्य साधं असतं. खायचं, वाढायचं, एकाचे दोन व्हायचं, संपलं. स्ट्रेप्टोमायसीसचं तसं नाही. त्याला बालपण आहे, वाढतं वय आहे, आणि पुढच्या पिढीची सोय करण्याचं वयही आहे. मातीत पडलेला त्याचा बीजाणू ओल मिळाली की फुटतो आणि त्यातून बारीक धागे निघतात. ते धागे मातीत शिरत, फांद्या फोडत अन्न शोषत राहतात. (पूर्वीच्या शास्त्रज्ञांना हे धागे बघून ही बुरशीच वाटली होती.) मग अन्न संपत येतं. तेव्हा हा जीव एकदम वेगळं वागायला लागतो. मातीतून वर हवेत केसांसारखे तंतू उभे राहतात. खालचे जुने धागे विरघळतात आणि त्यांच्या पोषणावर वरचे तंतू वाढतात. शेवटी त्या तंतूंच्या माळेच्या मण्यांसारख्या बीजाणूंच्या रांगा होतात, आणि वाऱ्या-पावसाबरोबर पसरतात. म्हाताऱ्यांनी आपलं सगळं वेचून तरुणांना उभं करायचं, हे केवळ माणसांतच आहे असं नाही.

याच उलथापालथीच्या सुमारास तो आपल्या कामाची औषधं तयार करतो. खालचे धागे विरघळू लागले की आजूबाजूच्या जंतूंना आयती मेजवानी मिळणार. तेव्हा त्यांना दूर ठेवायला ही विषं उपयोगी पडत असावीत, असं एक मत आहे. आणि वास? तोही याच वेळचा. पावसाळ्यात कुंडीतल्या मातीत पांढरे, बारीक, टुणकन उडणारे जीव तुम्ही पाहिले असतील. स्वीडन आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिलं, की हे जीव त्या वासाच्या मागावर येतात, स्ट्रेप्टोमायसीस खातात आणि त्याचे बीजाणू अंगावर आणि पोटातून दूरवर घेऊन जातात. वास ही एक प्रकारे आवतणाची अक्षतच म्हणायची!

आता मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी बाई. मी हे सगळं वाचायच्या फंदात कशी पडले? आमच्या कॉलनीतल्या, खांदेश्वर स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्या एका वहिनींची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्‌सी. झाली. पहिल्या वर्गात. पुढे एम.एस्‌सी. करून तिला संशोधनाकडे जायचं आहे, आणि तेही कुठलं? तर जंतूंच्या वाढीत कोणतं जनुक केव्हा जागं होतं, ते बघण्याचं. वहिनी माझ्याकडे आल्या त्या डोळ्यांत पाणी घेऊनच. "अहो ताई, तुमचं ती ऐकते. तुम्हीच सांगा तिला. रोगांचे जंतू म्हटले तर एक वेळ समजू शकते. पण हे मातीतले जंतू मोठे कसे होतात, हे बघून कुणाचं काय भलं होणार? पाच-सहा वर्षं जाणार त्यात. वय थांबतं का?" मुलगी दाराशी उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. मला ते तिच्या आईच्या रडण्यापेक्षाही जास्त लागलं. म्हणून ठरवलं, आधी समजून घ्यायचं आणि मग बोलायचं.

जनुकं म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. प्रत्येक पेशीत एक जाडजूड पाककृतींचं पुस्तक असतं असं समजा. पुस्तकातली एकेक पाककृती म्हणजे एकेक जनुक. स्ट्रेप्टोमायसीसच्या एका जातीचं असं सबंध पुस्तक 2002 साली वाचून पूर्ण झालं. त्यात सुमारे 7,800 जनुकं निघाली. माणसात ती सुमारे 20,000. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा हा जीव काही अगदीच अडाणी नव्हे! पण पुस्तक घरात असणं वेगळं आणि कोणत्या दिवशी कोणतं पान उघडायचं ते कळणं वेगळं. अनारसे आठवा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून कुटायचे, गुळात कालवून ठेवायचे, आणि तळायची वेळ आली की मग खसखस. कृती सगळ्यांना ठाऊक असते. पण एक पायरी चुकली की जाळी पडत नाही आणि अनारसा कढईत हसतो. पेशीचंही तसंच. धाग्यांचं पान, केसांचं पान, बीजाणूंचं पान, औषधाचं पान, ही सगळी एकदम उघडून चालत नाहीत. ती कोण उघडतं आणि कोण मिटवून ठेवतं, याचा शोध म्हणजे त्या मुलीला करायचं असलेलं संशोधन.

आणि हा शोध घ्यायची रीत मोठी गमतीची आहे. एकेक पायरी मुद्दाम बिघडवायची आणि काय होतं ते पाहायचं! इंग्लंडमध्ये नॉर्विच या गावी जॉन इनेस नावाची संस्था आहे. तिथे डेव्हिड हॉपवुड, कीथ चेटर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षं हेच केलं. काही बिघडलेल्या जंतूंना हवेतले केस येईनात. त्यांच्या वसाहती गुळगुळीत दिसत. त्या जनुकांना नाव मिळालं 'टकली'. काहींना केस येत, पण बीजाणू पिकल्यावर येणारा राखाडी रंग येईना, ती 'पांढरी'. शास्त्रज्ञांच्या गंभीर लेखांत आजही ही नावं चालतात.

या टकल्या जनुकांपैकी एकाची हकीकत मला फार आवडली. त्याचं प्रथिन पेशीत दीडशेच्या वर ठिकाणी पानं मिटवून बसलेलं असतं. अन्न आहे तोवर कुणी केस वाढवायचे नाहीत, बीजाणूंची भाषा करायची नाही! अगदी जुन्या वळणाच्या सासूबाईच. पण हा दरारा त्याचा एकट्याचा नव्हे. पेशीत एक बारीकसं संदेशद्रव्य असतं. त्याचे चार रेणू मध्ये येऊन त्या प्रथिनाच्या दोन प्रतींना एकत्र बांधतात, तेव्हाच त्यांना जनुकांवर घट्ट बसता येतं. संदेशद्रव्य कमी झालं की जोडी सुटते, पकड ढिली होते आणि वाढीची पानं आपोआप उघडतात. नाटालिया चोव्री या संशोधिकेने नॉर्विच आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांसह 2014 साली हे उजेडात आणलं. आता यात औषधाचा काय संबंध, असं वहिनींनी विचारलंच. संबंध असा, की प्रयोगशाळेतल्या सुखवस्तू वातावरणात या जंतूंची औषधांची बरीच पानं मिटलेलीच राहतात. ती कोण मिटवून ठेवतं हे कळलं, तरच ती उघडता येतील.

अशा प्रयोगशाळेत दिवसभर चालतं तरी काय? मी समजत होते यंत्रंच यंत्रं असतील. ती असतातच, पण बरंचसं काम आपल्या ओळखीचं आहे. मोजून-मापून पेज करावी तसं जंतूंचं खाणं शिजवायचं, कुकरमध्ये निर्जंतुक करायचं, काचेच्या थाळ्यांत ओतून थिजवायचं, त्यावर जंतू पेरायचे आणि वाट बघायची. स्ट्रेप्टोमायसीस सावकाश वाढतो. पूर्ण पिकायला काही दिवस लागतात. त्या थाळ्यांत खाणं थिजवायला वापरतात ते अगर म्हणजे आपलं चायना ग्रास. आणि ते प्रयोगशाळेत आणलं कुणी, माहीत आहे? एका गृहिणीने! जर्मनीतल्या फॅनी हेसे या बाईंचा नवरा थोर जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करत असे. तिथे जंतूंचं खाणं जिलेटिनने थिजवत, आणि उन्हाळ्यात ते पाघळून जाई. फॅनीबाई घरी फळांची जेली चायना ग्रासने करत. ती उन्हाळ्यातही घट्ट राही. 1881 साली त्यांनी नवऱ्याला हा उपाय सुचवला. कॉखसाहेबांनी 1882 मध्ये आपल्या लेखात अगरचा उल्लेख केला. फॅनीबाईंचा केला नाही. आज जगातली एकही जंतूंची प्रयोगशाळा अगरशिवाय चालत नाही.

कुकरचा विषय निघालाच आहे, तर घरच्या कामाची एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. बॅसिलस नावाच्या दुसऱ्या एका जंतूलाही उपासमारीत बीजाणू करण्याची विद्या येते. त्याची पेशी आडवी-तिडवी, एक लहान आणि एक मोठा असे दोन भाग करते. मोठा भाग लहानाला पोटात घेतो, त्याच्याभोवती जाड कवचं चढवतो, आणि काम पुरं झालं की स्वतः फुटून जातो. शास्त्रज्ञ त्या मोठ्या भागाला 'मातृपेशी'च म्हणतात. दोघांची जनुकं वेगवेगळ्या क्रमाने जागी होतात, आणि पोटातल्याने निरोप धाडल्याशिवाय आई पुढची पायरी घेत नाही! हे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांना 121 अंश उष्णता पंधरा मिनिटं तरी द्यावी लागते. प्रयोगशाळेत ती दाबाखाली देतात. आपल्या कुकरमध्ये पूर्ण दाबाला जवळपास तेवढीच उष्णता असते, पण भात तेवढा वेळ कोण ठेवतं? तेव्हा शिजलेल्या भातात बॅसिलसच्या एका जातीचे बीजाणू जिवंत असू शकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते फुटून वाढतात आणि त्यांच्यातले काही असं विष करतात, की सकाळी फोडणीचा भात कितीही परता, ते विष जात नाही. मग उलट्या. उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. मुंबई-पनवेलच्या दमट हवेत तर नक्कीच.

असो. पुन्हा स्ट्रेप्टोमायसीसकडे वळू. आमच्या आजेसासूबाईंना तरुणपणी क्षय झाला होता. त्या काळी या रोगाचं नावही घरात मोठ्याने घेत नसत. ताट-वाटी वेगळी, अंथरूण वेगळं, आणि कडेवरचं मूल जावेकडे. त्यांना स्ट्रेप्टोमायसिनची नव्वद इंजेक्शनं घ्यावी लागली. पुढे आयुष्यभर एका कानाने कमी ऐकू येई. पण त्या जगल्या. त्यानंतर त्यांना आणखी दोन मुलं झाली. त्यांतलं धाकटं म्हणजे माझे सासरे. सबंध आमचं घर त्या औषधाच्या बाटलीतून आलं आहे, असं म्हटलं तरी चालेल.

ते औषध सापडलं 1943 मध्ये, त्याच रटगर्स विद्यापीठात. सेल्मन वॅक्समन हे प्राध्यापक आणि आल्बर्ट शॅट्झ हा त्यांचा विद्यार्थी. औषध देणारे जंतू सापडले कुठे? एक शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीत आणि एक कोंबडीच्या घशात! 1944 साली जो पहिला लेख छापला गेला, त्यावर तीन नावं आहेत: शॅट्झ, बुगी, वॅक्समन. ही बुगी म्हणजे एलिझाबेथ बुगी, त्याच प्रयोगशाळेतली विद्यार्थिनी. पेटंट घ्यायची वेळ आली, तेव्हा मात्र दोघांचीच नावं राहिली. तिला खासगीत समजावण्यात आलं, असं तिने पुढे सांगितलं: उद्या तुझं लग्न होईल, संसार होईल, तुझं नाव पेटंटवर असण्याची काय गरज? तिचं लग्न झालं, संसार झाला, दोन मुली झाल्या. वॅक्समन यांना 1952 चं नोबेल पारितोषिक एकट्यांना मिळालं. शॅट्झ कोर्टात गेला तेव्हा झालेल्या तडजोडीत बुगीच्या वाट्याला आले ते पेटंटच्या उत्पन्नातले हजारात दोन. वहिनींना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी बोलले तेच की हो."

आपल्या महाराष्ट्राचा या कथेत वाटा आहे आणि तो लहान नाही. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तिथे होऊ लागलं. कारखान्याला स्वतःची संशोधनशाळा होती. तिथे एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1960 च्या सुमारास एका नव्या स्ट्रेप्टोमायसीसपासून बुरशीवरचं औषध मिळालं. औषधाचं नाव हमायसिन आणि जंतूच्या नावात चक्क पिंपरी: स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना! तान्ह्या बाळांच्या तोंडात येणारा पांढरा थर आणि बायकांचं बुरशीमुळे होणारं अंगावर जाणं, या दोन्हींवर ते डॉक्टरांनी वापरलं. पुणे-मुंबई रस्त्यावरून आपण कितीदा गेलो असू. पिंपरी म्हटलं की मोटारी आणि स्कूटरीच आठवतात.

आणखी एक काम पुण्याचं. आबासाहेब गरवारे महाविद्यालय हे कर्वे रस्त्यावरचं साधं कॉलेज. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात मिलिंद वाटवे शिकवत. त्यांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एक प्रश्न घेतला: स्ट्रेप्टोमायसीसपासून एकूण औषधं मिळण्यासारखी आहेत तरी किती? तेव्हा जगभर नवी प्रतिजैविकं सापडण्याचं प्रमाण घटत चाललं होतं आणि खाण संपली असं मोठमोठ्या कंपन्यांना वाटू लागलं होतं. या चौघांनी तोपर्यंत दरवर्षी किती औषधं सापडत गेली त्याची आकडेवारी घेतली आणि गणित मांडलं. 2001 साली ते जर्मनीच्या एका नामांकित नियतकालिकात छापून आलं. उत्तर होतं, सुमारे एक लाख! सापडलेली त्यातला अगदी लहानसा वाटा. प्रमाण घटलं ते औषधं संपली म्हणून नव्हे, तर शोधणारे कमी झाले म्हणून. या निष्कर्षाचा हवाला आजही जगभरचे संशोधक देतात. पुढे 2014 साली वाटवे यांच्या गटानेच दाखवलं, की स्ट्रेप्टोमायसीसच्या कितीतरी जाती इतर जंतूंना मारून खातात. म्हणजे ही औषधं नुसती कुंपणं नसून शिकारीची हत्यारंही असू शकतील.

आज हे का महत्त्वाचं आहे ते वेगळं सांगायला नको. साध्या लघवीच्या संसर्गावरही पहिल्या दोन गोळ्या लागू पडत नाहीत, तिसरी द्यावी लागते, असं डॉक्टर आपल्याला हल्ली सांगतात. औषधांना दाद न देणारा क्षयही आपल्याकडे आहे. नवी औषधं हवीत आणि ती बरीचशी त्या मिटलेल्या पानांत आहेत. शोधणारे कमी झाले, हे तर चौघांनी गणिताने सांगितलेलंच आहे.

वहिनींचा दुसरा प्रश्न पैशांचा होता आणि तो रास्तच होता. तेव्हा तशाच विवंचनेत असलेल्या इतर आयांसाठी माहिती देते. एम.एस्‌सी.नंतर सीएसआयआर-यूजीसीची 'नेट' परीक्षा असते. तीत संशोधनवृत्ती मिळाली तर 2023 पासून पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. वयाच्या अटीत मुलींना पाच वर्षांची सवलत आहे. पुण्याला विद्यापीठाचा विभाग आहे, आयसर आहे, पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे; खांदेश्वरहून हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरलं की कुलाब्याची बस. लग्न किंवा बाळंतपणामुळे ज्यांचं संशोधन मध्येच सुटलं, त्यांना परत आणण्यासाठीही केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने 2002-03 पासून योजना चालवली. आता ती 'वाइज' या नावाखाली आहे. तेव्हा तिशी-पस्तिशीतल्या एम.एस्‌सी. मैत्रिणींनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा!

आणि मुलीला प्रयोगशाळेत घालण्यापूर्वी तिथे स्वतः जाऊन या. मार्गदर्शकांना भेटा, पण त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींनाही भेटा. पीएच.डी.ला किती वर्षं लागली, रात्री उशीर झाला तर वसतिगृहावर कसं जातात, तक्रार कुणाकडे करायची, हे विचारा. छापून आलेले लेख मागून घ्या आणि त्यावर विद्यार्थिनींची नावं आहेत का, कितव्या जागी आहेत, ते बघा. वहिनींनी ही यादी लिहून घेतली आहे. त्या जुलैत मुलीला घेऊन पुण्याला जाणार आहेत. नावांचं तेवढं आपण स्वतःच विचारणार, असं त्या म्हणाल्या.